ट्रकभर ओवाळणी

हॅलो?… हॅलो! हॅलो!

हो, हो, कडेगाव. सोसायटीचं ऑफिस. मी रतन बोलतेय. रतन म्हणजे… सेक्रेटरी आण्णांची मुलगी. तासगावचा ट्रंक कॉल ना? माझाच तो! सकाळी नवाला सांगितला होता… आवं ताई, तेव्हापास्नं या खुर्चीवरनं उठले नाही मी. जेवायलासुद्धा नाही. आण्णा विट्याला गेलेत, मी आणि हा फोन, दोघंच… किती वाजले म्हणता? चार? मग आमचं घड्याळ बरोबर दाखवतंय, जवळजवळ. भूकंपापासून ते चार वीसवरच थांबलंय… जोडा, जोडा. लगेच जोडा.

हॅलो? मनू?… मने! अगं मी रतन!… मी कुठं ओरडतेय, तूच ओरडतेयस… हो, एकटीनं लावला. आण्णांनीच शिकवलं. नववीत पहिली आले ना, त्या दिवसापास्नं मला ऑफिसची किल्लीसुद्धा देतात… ते सगळं नंतर. ऐक ना. ट्रक निघाला का?

कुठला काय? खताचा! तुमच्या कोंबड्यांचं खत आमच्या धोंडुबाई आत्याच्या माळाला येणार आहे ना आज, तो ट्रक!… भरत होते? कवा?… ते सकाळचं झालं. आत्ताचं सांग… म्हणजे माझं पत्र नाही मिळालं तुला? सोमवारी टाकलंय. चार पानी… बरं, आलं की न वाचता फाडून टाक, जरा रागात लिहिलंय. पण आधी बाहेर पळ आणि बघ. ट्रक उभा असला तर अर्जुना ड्रायव्हरला म्हणावं, हलू नका… अगं का ते सांगते की, आधी जा! आणि फोन ठेवू नकोस, नुसता टेबलावर ठेव. आडवा. आडवा ठेवलास का?… मने?…

गेली वाटतं.

ताई, तुम्ही आहात का हो लाइनवर?… तीन मिनिटं झाली? वाढवा की. लय महत्त्वाचं आहे… काय भानगड आहे? सांगते. ती येईस्तोवर तुमच्याशीच बोलते. तुम्ही शेंगा खाता ना? भाजलेल्या, गुळाबरोबर? मग ऐकाच.

आमची धोंडुबाई आत्या, आण्णांची सख्खी बहीण. गावातच दिलीय. तिचे मालक मिलिटरीत, फिरोजपूरला. वाटणीला काय आलं, तर पाऊण एकर माळ. नुसता खडक हो, गवतसुद्धा लाजतलाजत उगवायचं. आत्यानं तीन उन्हाळे एकटीनं धोंडे वेचले. त्याच धोंड्यांचा कमरेएवढा बांध घातला आणि भुईमूग पेरला. पहिल्या साली अशा शेंगा लागल्या, की एक झाड उपटायला दोन हात लागायचे… हो, खरंच! तिचे मालक रजेवर आले होते, ते म्हणाले, पलटणीत एवढी शिस्त नाही जेवढी या माळावर आहे.

गेल्या साली काय केलं तिनं? निम्म्या माळात मेंढरं बसवली, आणि निम्म्यात मनूकडचं कोंबडखत घातलं… बसवली म्हणजे? तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला कुठनं ठाऊक असणार. गुंडा धनगर येतो दर उन्हाळ्यात. त्याचा कळप दोन रात्री रानात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या पडतात, मूत मुरतं, झालं खत. त्याला जोंधळे द्यायचे, आणि चहा. चहा लय लागतो त्याला… तर मेंढरांच्या निम्म्यात शेंगाच शेंगा. कोंबडखताच्या निम्म्यात नुसता पाला! हिरवागार, गुडघ्याएवढा. आणि उपटलं तर चार शेंगा, त्यातल्या दोन पोचट. आत्याचे सासरे, आबा, तिथंच काठी टेकून म्हणाले, "औंदा बी असंच झालं तर माळ गुरांला सोडून द्यायचा. लय झाला खेळ." खेळ म्हणे! तीन उन्हाळ्यांत तिच्या बोटांची नखं गेली, ताई.

तुम्हाला वाटेल, मग यंदा मेंढरंच बसवावीत ना? तेच तर! पण आबांच्या डोक्यात भलतंच. म्हणाले, "बियाणं वाईट असंल, खत कसं वाईट असंल? औषध खाल्लेल्या कोंबड्यांचं खत हाय त्ये!" जणू काय कोंबडीला दिलेलं औषध भुईमुगाला पण टॉनिक होतंय. आणि सगळ्या गावानं माना डोलावल्या. म्हणून यंदा अख्ख्या माळाला तेच घालायचं ठरलं. गुंडा आठवड्यापूर्वी विचारायला आला, तर आत्यानं चहा पाजून परत लावला. "औंदा नगं रं बाबा, माझ्या भावाचा ट्रक यायचा हाय." भाऊ म्हणजे या मनूचे वडील, नानासो. मानलेला भाऊ. आज तो मुलूख सोडून चाललाय. माणदेशात, त्याच्या गावाकडं. पाऊस पडायच्या आत पोचायचं असतं त्यांना.

आता तुम्ही विचाराल, खतात खोट आहे हे हिला कुणी सांगितलं… विचारलंच नाही? तरी सांगते! दह्यानं.

मार्चमध्ये आमच्या चांदणी गाईची कास सुजली. डॉक्टरांनी पेनिसिलिन घातलं आणि म्हणाले, तीन दिवस दूध ओतून टाका. आता आईच्या हातनं दूध ओतवतंय होय? तिनं गुपचूप विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी बघते तर दूध जसंच्या तसं. तिसऱ्या दिवशी पण. आई म्हणाली, नजर लागली. मी शाळेत लोखंडे सरांना विचारलं. ते म्हणाले, विरजण म्हणजे जिवंत जंतू, आणि औषधाला बरे जंतू आणि वाईट जंतू असला भेद कळत नाही. गाईच्या पोटातनं आलेलं औषध दुधातसुद्धा काम करतंय!… बघा ना! मला त्या रात्री झोपच नाही. कारण नववीच्या पुस्तकात काय आहे, भुईमुगाच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्या पण जंतूंचीच घरं. हवेतलं खत मुळाला आणून देतात ते. आणि आत्याच्या त्या निम्म्यातल्या मुळ्या मी बघितल्या होत्या. साफ. एक गाठ नाही. आणि मनूकडं कोंबड्यांना वर्षभर खाद्यातनं एक पिवळी पूड देतात. पेनिसिलिनच्याच भावकीतली. मग ती जाते कुठं? कोंबडीच्या विष्ठेतनं खतात, खतातनं मातीत!

म्हणून मी काय केलं, हसू नका हं. तीन वाट्या दूध घेतलं. तिन्हीला सारखंच विरजण. एक वाटी नुसती. एकीत आमच्या गावठी कोंबड्यांच्या खताचं पाणी, दोन चमचे. एकीत मनूकडच्या खताचं… ईऽ काय! उकळून, फडक्यानं तीनदा गाळलेलं होतं की! नुसती वाटी लागली. गावठीची पण लागली. मनूकडची? दूध ते दूधच!

नाही, एवढ्यावर संपलं नाही, खरा अनर्थ पुढंच आहे. मी वही आणायला माडीवर गेले. तेवढ्यात आप्पासाहेब आले. आमचे चेअरमन हो, याच सोसायटीचे. आईनं भाकरी वाढली, आणि फळीवर दह्याची वाटी दिसली, ती वाढली… हो… नाही, नुसती नव्हे. गावठीची!… ताई, हळू हसा, लाइन खरखरतेय. मी जिन्यात उभी. आप्पासाहेब वाटी पुसूनपुसून खातायत आणि आईला म्हणतायत, "वैनी, असं दही आख्ख्या तालुक्यात न्हाई. काय घालता वो?"… ठणठणीत आहेत. काल कुस्त्या बघायला गेले होते. पण कुणाला बोलू नका हं. त्यांच्याच टेबलावरनं बोलतेय मी.

हां, हां, आली ती. मनू? बोल. उभा आहे ना?

काय?… अडीचलाच?… अगं अडीचला निघाला म्हणजे आता पोचेल की तो!

थांब. थांब जरा. मला विचार करू दे.

नाही, चिडले नाही. तुझ्यावर कशाला चिडू… हो, सांगते. मने, रागावू नकोस. तुमच्या खतात ती पिवळी पूड उतरते. त्यानं भुईमुगाच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. आत्याच्या माळात ते पसरलं, तर यंदाचं पीक गेलं, आणि पिकामागनं माळ… मी म्हणत नाही नुसती, करून बघितलंय. लोखंडे सर पण आधी नाहीच म्हणाले. म्हणाले, रतन, उड्या मारू नकोस, कोंबडखत मुळातच जोरकस असतं, आयतं मिळालं की झाड आळशी होतं आणि गाठी कमी धरतं, औषध असो नसो. मग मी तेलाचे रिकामे डबे घेतले. एकात नुसती माती, एकात गावठी कोंबड्यांचं खत, एकात तुमचं. प्रत्येकात चार दाणे. सहा आठवडे पाणी घातलं. काल सरांच्या समोर उपटले. नुसत्या मातीतल्या एका झाडाला एकतीस गाठी. गावठीच्याला बावीस, म्हणजे सरांचं पण खरं, थोडं आळशी झालं. तुमच्या खतातल्याला… तीन. मनू, तीन. सरांनी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

तुमचं खत माझ्याकडं कुठनं?… ते… रामनवमीला आले होते ना तुमच्याकडं. पिशवी भरून नेली होती. गुलाबाला घालायला म्हणून.

हो, खोटं बोलले. आमच्याकडं गुलाबच नाही.

मने?… अगं बोल ना. रडतेस?… तुझ्या नानांना मी कशी नावं ठेवेन? त्यांनी मला कडेवर घेऊन जत्रा दाखवलीय. आणि औषध वाईट असं कुठं म्हणतेय मी. त्या साली रोग आला तेव्हा तुमच्या दोनशे कोंबड्या दोन दिवसांत गेल्या, मला माहीत आहे, तू आठ दिवस शाळेत गेली नव्हतीस. आजारी कोंबडीला द्यावंच. पण ठणठणीत कोंबडीला रोजच्या जेवणातनं कशाला? तू रोज तापाची गोळी खातेस का भातात कालवून?… बघ, हसलीस.

आता अडचण ऐक. आत्याला हे सगळं माहीत आहे. सकाळीच मुळ्या नेऊन दाखवल्या. तिनं बोटानं गाठी चाचपल्या, तीन आणि एकतीस. मग म्हणाली, "रत्ने, तुझं समदं खरं. पर भाऊबीजेला कबूल केलेली ओवाळणी म्हणून नानासोनं धाडलंय त्ये. भावाची ओवाळणी परत धाडू व्हय मी?" म्हटलं, अगं माळ जाईल! तर म्हणते, "माळ गेला तर परत धोंडं येचीन. भाऊ कुठनं येचू?"… मानलेला असला तरी सख्ख्याच्या वर धरते ती तुझ्या नानांना. म्हणून तर माझी धडपड, की ट्रक तिकडनंच थांबावा. म्हणजे तिला नको म्हणायची पाळीच येणार नाही. आणि आता तो आला की ती माळाची वाट दाखवणार, माझ्या डोळ्यांदेखत…

काय? हळू बोल जरा… अगं खरखर येतेय. पुन्हा सांग.

ओवाळणी… हां… ओवाळणीचं काय?… ताटात पडलेली ओवाळणी कुणी त्याच दिवशी खर्च करत नाही… हो, देवापुढं ठेवतात… तुझी आई वर्षभर डब्यात ठेवते… मग?

मने!

अगं मने, तू वकील हो! खरंच हो! म्हणजे परत पाठवायचंच नाही. मानानं घ्यायचं, आणि ठेवून द्यायचं! आमच्या घरामागं खताचा खड्डा रिकामा आहे. त्यात टाकायचं, पाणी मारायचं, वर माती, आणि वर्षभर कुजू द्यायचं. सर म्हणाले होते, कुजताना औषधाचा जोर उतरत जाईल असं वाटतं. नक्की माहीत नाही म्हणाले. मग पुढच्या साली पुन्हा डब्यात दाणे लावून बघू, आणि गाठी धरल्या तरच वापरायचं. ना भाऊ दुखावला, ना माळ… हो, नानांना तू सांगायचं. मी पण सुट्टीत येऊन वाट्या मांडून दाखवते त्यांना. खरं सांगून, या वेळी.

थांब हं, एक मिनिट, दारात कोण… आत्या! तू इथं कशी?

मने, आत्याच आलीय. हातात ताट घेऊन. कुंकू, तांदूळ, निरांजन… ट्रकला ओवाळायला येऊन थांबलीय!… आत्या, ये, आत ये. मनू आहे फोनवर, नानासोंची. नाही गं, हे कानाला लावलं तरी काही होत नाही. नको? बरं, तिथंच उभी राहा, पण ऐक. मनू काय म्हणतेय ऐक. भाऊबीजेला नानासोंनी लुगडं घातलं तर तू त्याच दिवशी नेसून शेण काढायला जातेस का?… न्हाई ना? पेटीत ठेवतेस ना? मग हे खत पण पेटीत ठेवायचं! आमच्या खड्ड्यात! वर्षभर!… व्हय, मनूच म्हणतेय. नानासोंची स्वतःची लेक म्हणतेय, मी नाही… मने, तूच म्हणालीस ना? हो म्हण. हो म्हणाली, आत्या.

काय करतेय?… काही नाही करत. ताटाकडं बघतेय… अजून बघतेय… हसली! मने, हसली गं! म्हणते, "लेक बापावर गेली. त्यो बी असाच तोडगा काढतुय."

काय आत्या?… हां… अगं खरंच की! माळाला मग घालायचं काय? नुसता ठेवून चालणार नाही, खताशिवाय दोन शेंगा पण… गुंडा! आत्या, गुंडा कुठवर गेला असेल?… ओढ्यापाशी? आत्ता येताना बघितलास? धूळ दिसली?… मग उभी काय राहिलीस!

मने, पळाली! ताट माझ्या हातात कोंबलं आणि पळाली! एका हातात फोन, एका हातात निरांजन, आणि समोर आण्णांची कागदं. देवा… थांब, खिडकीशी येते, वायर पुरतेय… चप्पल इथंच टाकून गेलीय. पदर खोचलाय. अगं चाळिशीची बाई आहे, आणि काय धावतेय!

ताई, तुम्ही अजून आहात?… वाढवा, वाढवा, तुम्हालाच ऐकायचंय ना पुढचं? मग विचारता काय!

सांगते, सांगते. दिसतंय सगळं. कळप ओढा चढून रस्त्यावर आलाय. दोनशे तरी असतील. आत्या मधोमध जाऊन उभी. दोन्ही हात पसरून. मेंढरं तिच्या दोन्ही अंगानं वाहतायत, ओढ्यातल्या दगडाला पाणी फुटतं ना, तशी… गुंडा आला पुढं. काठी खांद्यावर. आत्या बोलतेय. तो मान हलवतोय. नाही म्हणतोय वाटतं… आकाशाकडं बोट दाखवतोय. पावसाचं सांगत असणार… आत्या कमरेवर हात ठेवून… ऐकू येत नाही गं, धूळच दिसतेय नुसती. गुंडा पागोटं काढून डोकं खाजवतोय. आता आत्या दोन बोटं दाखवतेय. दोन रात्री. तो एक दाखवतोय… ती दोनच… आता काय, हातानं कप केला तिनं, तोंडाला लावला. चहा! चहावर आणलं तिनं!

मने… शिट्टी मारली त्यानं. पुढचा बोकड वळला. वळला! माळाकडं! आख्खा कळप त्याच्यामागनं वळतोय… दोन रात्री गं, दोन रात्री! ताई, वळला कळप!

हॉर्न? कुठला हॉर्न?… हो, मला पण… अगं बाई. आला. तुमचाच ट्रक, निळ्या टपाचा. मेंढरांच्या मागं अडकलाय. अर्जुना हात बाहेर काढून काहीतरी बोलतोय, आणि मेंढरं ढिम्म… आता वाट मिळाली. इकडंच येतोय.

मने, ठेवते मी. आत्या तिकडं मेंढरांत, आणि ट्रक दारात. ओवाळायचं मलाच आहे, आणि खड्ड्याकडं वळवायचं पण मलाच… अगं पण ट्रकला कुंकू कुठं लावतात?… पुढच्या बॉनेटला? आणि तांदूळ?… बरं, बरं, दोन्ही चाकांवर. नानांना म्हणावं, ओवाळणी पोचली. ताई, तुम्हालापण… हो, शेंगा झाल्या की पाठवते, सांगली एक्स्चेंज म्हणून पत्ता घालते… अहो अर्जुनादादा! थांबा! माळाकडं नाही, डावीकडं घ्या, आमच्या घरामागं! आणि इंजिन बंद करा आधी, निरांजन विझतंय!